पिवळी बत्ती : निवडक

पार्सल आलं ते चौकोनी, चपटं.
पोस्टमन म्हणाला, आरसा असेल तर आत्ताच बघून घ्या,
फुटला तर माझ्यावर नको.
आत काळी तबकडी. अकरा गाणी, दोन बाजू,
आणि एक पुस्तिका, जिच्यात आमच्या सावद्याचं स्पेलिंग
तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं.

मुखपृष्ठावर आम्ही चौघं, केळीच्या ट्रकच्या बॉनेटवर.
फेगडेची बेलबॉटम थोरल्या भावाची,
कोळंबेचा गॉगल वेल्डिंगचा.
साल शहाऐंशी.
हे असलं वाजवणं जगात वीस वर्षांपूर्वीच
पेटून, विझून, राखही उडून गेलेली.
आम्हाला ते भुसावळच्या एका निवृत्त गार्डाने
रद्दीच्या भावात विकलं,
वर बँडला नावही दिलं फुकट:
पिवळी बत्ती, म्हणजे थांबू नका पोरांनो, पण जपून.

आम्ही जपून काही केलं नाही.

तालमी तडवीच्या गॅरेजात, शटर अर्धं ओढून.
माझे ढोल म्हणजे ऑइलचे दोन पिंप
आणि रुबाबचा ऑर्गन अमळनेरच्या बंद पडलेल्या
लग्नाच्या बँडकडून आणलेला.
त्याची एक पट्टी कायमची मुकी.
तिला चुकवून रुबाबची बोटं अशी पडायची
की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गाण्याला लाजतोय.

पुस्तिकेत कुणी जाणकार लिहितो :
तिसऱ्या गाण्यात सूर अचानक जमीन सोडतो,
वर वर चढत जातो,
काळाशी केलेला हा धाडसी प्रयोग.

काळाशी कसला!
रात्री साडेदहाला शिवारात थ्री-फेज यायची,
साऱ्या मोटारी एकदम पाणी ओढू लागायच्या,
आणि आमचा टेपरेकॉर्डर धापा टाकत मंदावायचा.
मंद भरलेली टेप नंतर नीट वाजवली
की गाणं उंच पळतं, इतकंच.
केळीला पाणी मिळालं, आम्हाला प्रयोग.

शेवटच्या पानावर लहान अक्षरांत :
फेगडे सुरतला. कोळंबे हयात नाही.
ऑर्गन : रुबाब तडवी, ठावठिकाणा अज्ञात.

मी चप्पल घातली.
अज्ञात ठावठिकाणा माझ्या घरापासून दोनशे पावलांवर,
त्याच शटरखाली, एका दहाचाकीच्या पोटात पाठीवर पडलेला.

बाहेर आला, हात पुसले, फोटो उन्हात धरला.
'हा काडीपैलवान कोन रे?'
'तू.'
'आन् ह्ये वाजते कशावर?'
ते मात्र आख्ख्या सावद्यात कुणाकडे नव्हतं.

मग त्याने जे केलं ते पुस्तिकेत यायला हवं होतं.
नुकतं ग्रीस भरलेलं ट्रकचं हब आडवं ठेवलं,
वर टायरची गोल कापलेली चकती, तिच्यावर तबकडी.
पंचांगाच्या पानाचा कर्णा वळला,
टोकाला बायकोची शिवणाची सुई.
म्हटलं, खरडेल रे.
म्हणाला, खरडू दे, आपली आहे.

आधी नुसती खरखर, तव्यावरच्या मोहरीसारखी.
मग त्या खरखरीतून डासाएवढा फेगडे गाऊ लागला.
ब्रेक दुरुस्त होण्याची वाट बघणारा क्लीनर
बिडी न पेटवता उभा.
तिसरं गाणं आलं. ती जागा आली, सूर उचलला गेला,
आणि रुबाबने बोटाचा जोर काढून घेतला.
हब सावकाश होत गेलं.
सूर एकेक पायरी उतरला,
मुक्या पट्टीच्या अलीकडे येऊन अडखळला,
आणखी थोडा खाली,
जिथे आम्ही तो त्या रात्री खरोखर वाजवला होता तिथे टेकला.

तेवढ्या दोन ओळी त्याने तशाच धरून फिरवल्या.
मग क्लीनरला म्हणाला,
पाना दे. तेरा नंबरचा.